बापाचा दुभाष्या

बँकेच्या खिडकीपाशी एक अकरा वर्षांचा मुलगा उभा आहे. मागे त्याचा बाप, हातात पासबुक. कारकून काहीतरी विचारतो. मुलगा मान वळवून बापाला घरच्या भाषेत सांगतो, बाप उत्तर देतो, मुलगा ते फिरवून कारकुनाला सांगतो. मधलं एक वाक्य तो गाळतो. ते बापाला कळत नाही, कारकुनालाही नाही. पुढच्या आठवड्यात शाळेतून चिठ्ठी येते की मुलगा वर्गात नसतो. ती चिठ्ठीही बापाला तोच वाचून दाखवणार असतो.

हा प्रसंग कुठल्या एका घरातला नाही. परमुलखात नव्याने आलेल्यांच्या कुठल्याही वस्तीत तो घडतो. पोरं गल्लीत खेळता खेळता सहा महिन्यांत भाषा उचलतात. आईबापांना वर्षं लागतात, काहींना ती येतच नाही. मग घरात उलटी गंगा वाहू लागते. वीजबिल, दवाखाना, भाडेकरार, सगळीकडे पोर पुढे आणि बाप मागे. चार वर्षांनी तोच बाप म्हणतो, 'रात्री दहाच्या आत घरी ये', तेव्हा त्या बोलण्याला वजन उरलेलं नसतं. मूल वाया जाण्याची कारणं पुष्कळ असतात, गरिबी तर असतेच. पण नव्या देशात आलेल्या घरांत हे एक कारण हमखास असतं.

ज्यू समाजाने या प्रश्नावर शंभरेक वर्षं डोकं लावलं आहे. लावावंच लागलं, कारण इतक्या कमी काळात इतक्या देशांतून माणसं गोळा होऊन एका जागी राहायला आल्याचं दुसरं उदाहरण सापडणं अवघड. त्यांनी काय केलं, कुठे चुकले आणि चूक कळल्यावर काय बदललं, ते इथे सांगायचं आहे. मला स्वतःला यशापेक्षा चुकांचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी दोनतीन शब्द. ज्यू माणूस इस्रायलला कायमचा राहायला जातो त्याला हिब्रूत 'अलिया' म्हणतात, म्हणजे वर चढणं. चढून आलेला तो 'ओले'. (मराठी कानाला हा पावसात भिजलेला वाटेल, आणि बऱ्याच जणांची पहिली काही वर्षं तशीच जातात.) आणि जी मुलं शाळा सोडून रस्त्यावर, नशेत किंवा पोलिसांच्या वहीत जाण्याच्या बेतात असतात त्यांना म्हणतात 'नोआर बेसिकून', धोक्याच्या काठावरची तरुण पोरं.

गोष्ट सुरू होते १९३२ च्या बर्लिनमध्ये. रेखा फ्रायर ही एका रब्बीची, म्हणजे ज्यू धर्मगुरूची बायको. (नाव आपल्या रेखासारखंच ऐकू येतं, संबंध काही नाही.) तिच्याकडे पाच मुलं आली, सोळाच्या आसपासची. ज्यू म्हणून त्यांना कामावरून काढून टाकलं होतं आणि पुढे काय करावं ते कळत नव्हतं. तिने ठरवलं की यांना पॅलेस्टाइनला पाठवायचं. तिथल्या सामुदायिक शेतवस्त्यांत, म्हणजे किबुत्झमध्ये, ती राहतील, शिकतील, काम करतील. ऑक्टोबर १९३२ मध्ये बारा मुलांची पहिली तुकडी बर्लिनहून बेन शेमेन या युवा-ग्रामाकडे, म्हणजे मुलांनी राहून शिकायच्या वस्तीकडे, निघाली. ३० जानेवारी १९३३ ला फ्रायरने या कामासाठी रीतसर समिती नोंदवली. हिटलर चान्सेलर झाला तो हाच दिवस.

या कामाला नाव पडलं 'युवा अलिया'. जेरुसलेमच्या बाजूने ते सांभाळलं हेन्रिएटा सोल्ड यांनी. बाल्टिमोरमध्ये वाढलेल्या या बाईंनी १८८९ मध्ये रशियातून आलेल्या ज्यू कामगारांसाठी रात्रशाळा काढली होती, पुढे १९१२ मध्ये 'हदासा' ही महिला संघटना उभी केली. फ्रायरच्या कल्पनेला त्यांनी सुरुवातीला चक्क नकार दिला. इथल्याच अनाथ, उपाशी मुलांची सोय होत नाही, जर्मनीहून आणखी कशाला आणता, असा त्यांचा सवाल होता. पण जर्मनीत काय चाललं आहे ते दिसू लागल्यावर त्या कामाला लागल्या, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. हैफाच्या बंदरात जहाजावरून उतरणाऱ्या मुलांना घ्यायला त्या स्वतः जात.

रचना साधी होती. वीस-तीस मुलांचा एक गट. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस शेतात किंवा गोठ्यात काम. गटाबरोबर एक 'मद्रीख'. हा शब्द 'देरेख' म्हणजे वाट यावरून आला आहे, म्हणजे हा वाट दाखवणारा, शिक्षक आणि थोरला भाऊ यांच्या मधला माणूस. शिवाय कपडे, आजारपण, रात्रीचं रडणं बघणारी एक बाई. दोन वर्षं हा गट फुटायचा नाही. ज्या मुलाचं सगळं सुटलं आहे त्याला निदान तीच तोंडं रोज सकाळी दिसली पाहिजेत, हा त्यामागचा विचार.

१९४३ मधली 'तेहरानची मुलं' ही या कामातली सर्वांत ओळखीची तुकडी. पोलंडमधून पळालेली, सोव्हिएत मुलखात आईबाप गमावलेली ही मुलं इराणपर्यंत पोचली. इराकने वाट दिली नाही, म्हणून त्यांना जहाजाने आधी कराचीला, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानात आणलं, तिथून सुएझला आणि पुढे रेल्वेने पॅलेस्टाइनला. फेब्रुवारीत गाडी हैफाजवळच्या अटलीतला पोचली तेव्हा लोक रुळांच्या कडेने उभे होते, त्यात कुणी आपल्या बेपत्ता नात्यातलं पोर ओळखू येतंय का ते बघणारेही होते.

इथवर या पद्धतीवर बोट ठेवायला जागा नाही. या मुलांचे आईबाप एक तर मागे अडकले होते किंवा मारले गेले होते. मुलाला गटात घ्या, नवी भाषा द्या, नवं नाव द्या, नवा माणूस करा. दुसरा पर्याय तरी काय होता?

घोटाळा पुढे झाला. १९४८ मध्ये इस्रायल हा देश झाल्यावर येमेन, इराक, मोरोक्कोहून माणसं आली ती कुटुंबंच्या कुटुंबं. आईबाप जिवंत, आजी सोबत. त्यांना पत्र्याच्या आणि तंबूंच्या छावण्यांत ठेवलं. या छावण्यांना 'माअबारा' म्हणत, आणि १९५१ च्या सुमारास त्यांत दोन लाखांहून जास्त माणसं राहत होती. (काहींना रिकामी घरं मिळाली, ती बरीचशी १९४८ च्या युद्धात परागंदा झालेल्या अरबांची होती. इस्रायलला येऊन राहायचा हक्क देणारा 'परतीचा कायदा' १९५० साली ज्यूंसाठी झाला, त्या अरबांसाठी नाही. तो विषय वेगळा आणि मोठा आहे, पण तो बाजूला उभा आहे हे विसरून पुढे जाता येत नाही.) छावणीत मुलांचे हाल होतात म्हणून त्यांना निवासी शाळांत, किबुत्झमध्ये पाठवलं गेलं. पद्धत तीच, अनाथांसाठी घडवलेली. फरक एवढाच की ही मुलं अनाथ नव्हती.

येमेनी मुलांच्या कानांजवळच्या धार्मिक बटा कापल्या गेल्या. यावर इतका गदारोळ झाला की १९५० मध्ये फ्रुमकिन चौकशी समिती नेमावी लागली. धार्मिक घरातला मुलगा सहा महिन्यांनी अर्ध्या चड्डीत घरी येई, बापाच्या प्रार्थनेत बसत नसे, आईची भाषा बोलायला लाजत असे. बँकेतल्या त्या मुलासारखाच, फक्त इथे त्याला दुभाष्या सरकारी खर्चाने केलं होतं. सगळ्या देशांतले ज्यू एका भट्टीत घालून एकच इस्रायली माणूस घडवायचा, हे तेव्हाचं धोरण होतं. हेतू वाईट नव्हता, पण भट्टी पेटवणारे बहुतेक सगळे युरोपातून आलेले होते.

याच सुमारास रॉयव्हेन फॉयरश्टाइन नावाचा रुमानियात जन्मलेला मानसशास्त्रज्ञ युवा अलियासाठी मोरोक्कन मुलांच्या चाचण्या घेत होता. नेहमीच्या बुद्धिमापन चाचणीत यांतली कितीतरी मुलं मतिमंद ठरत होती. पण तीच मुलं बाजारात हिशोब चोख करत, धाकट्या भावंडांना सांभाळत सीमा ओलांडून आली होती. म्हणजे खोट चाचणीतच होती. नेहमीची चाचणी विचारते, तुला आज काय येतं? फॉयरश्टाइनने प्रश्न बदलला: थोडं शिकवल्यावर तुला काय येतं? आधी चाचणी, मग परीक्षकाने शेजारी बसून शिकवायचं, मग पुन्हा चाचणी. दोन्हींतला फरक महत्त्वाचा. ज्याने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही आणि ज्याला खरंच शिकता येत नाही, ही दोन मुलं पहिल्या चाचणीत सारखी दिसतात, तिसऱ्या टप्प्यात वेगळी पडतात.

पुढे त्याने विचार करायला शिकवणारे सरावाचे संच तयार केले. त्यातलं पहिलं पान मी एकदा स्वतः सोडवायला घेतलं होतं. चौकटीत नुसते ठिपके, आपल्या रांगोळीच्या ठिपक्यांसारखे, पण ओळीत नव्हे, विस्कटलेले. वर नमुन्याला एक चौरस आणि एक त्रिकोण. तेवढेच ठिपके जोडून तेच आकार शोधायचे, एकावर एक चढलेले, कधी तिरपे. वाटतं सोपं. मी पेन्सिल लगेच टेकवली आणि तिसऱ्या चौकटीत फसलो, कारण चौरस तिरका झाला की डोळा त्याला चौरस मानत नाही. या संचाचं ब्रीदवाक्यच आहे, 'जरा थांब, मला विचार करू दे'. शेजारचा मोठा माणूस उत्तर सांगत नाही. तो विचारतो, तू हा ठिपका का निवडलास? आधी कुठल्या आकारापासून सुरुवात केली तर बरं? फॉयरश्टाइनच्या मते मूल आणि जग यांच्यामध्ये असा कुणीतरी बसलेला असावा लागतो, एरवी ते काम आईबाप आणि आजीआजोबा करतात. स्थलांतरात नेमकी तीच जागा रिकामी होते. या संचांचे परिणाम मोजणाऱ्या अभ्यासांत सगळीकडे सारखं यश दिसलेलं नाही, शिक्षक किती तयारीचा यावर बरंच अवलंबून राहतं. पण मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांना परत ओळीत आणायचं काम या माणसाने केलं, हे खरं.

आता आपल्या माणसांकडे येऊ. कोकणातले बेने इस्रायल, अलिबागच्या आसपासचे शनवारी तेली, मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्यातले बरेच जण पन्नास-साठच्या दशकांत बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांत जाऊन राहिले. रंगावरून दुजाभाव होतो, कामं वाईट मिळतात अशी तक्रार घेऊन त्यातल्या काहींनी १९५१ मध्ये धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून हटून बसले, आणि १९५२ मध्ये काहींना खरंच मुंबईला परत आणून सोडावं लागलं. गांधींच्या देशातून आलेल्यांनी धरणं धरावं यात नवल नाही. १९६२ मध्ये धर्मपीठाने यांच्या लग्नांसाठी वंशावळ तपासायचा फतवा काढला. पुन्हा आंदोलन. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ठणकावून सांगितलं की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. तुझे आईबाप खरे ज्यू आहेत का, असा प्रश्न सरकारी टेबलावर विचारला जात असताना शाळेतल्या पोराच्या मनात घरच्या माणसांबद्दल काय उरत असेल? याच समाजातून तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं. हिब्रू शिकायची, पण घरची भाषा टाकायची नाही, हे त्यांनी कुणी योजना आखून न देता केलं.

शिवाय मदत करण्याची पद्धत ते इथूनच बरोबर घेऊन गेले होते. मुंबईत हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८७५ मध्ये बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदुरी शाळा. त्याही आधी १८५७ मध्ये, बगदादहून जीव वाचवून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांच्या पाठबळाने गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी सुधारगृह उभं राहिलं. मुलाला तुरुंगात मोठ्या कैद्यांबरोबर ठेवू नका, त्याला धंदा शिकवा, ही कल्पना तेव्हा इथे नवी होती. माहीमची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा ती हीच. स्वतः निर्वासित म्हणून आलेल्या माणसाने केलेलं हे काम फक्त ज्यू मुलांपुरतं नव्हतं.

चूक सुधारायला सुरुवात झाली ती १९६९ मध्ये, आणि तीही स्वयंपाकघरातून. हिब्रू विद्यापीठातल्या अविमा लोंबार्ड यांनी एक प्रयोग सुरू केला. आशिया-आफ्रिकेतून आलेल्या घरांतली मुलं शाळेत पहिल्याच वर्षी मागे पडत. उपाय म्हणून सगळे म्हणत, मुलाला लवकर बालवाडीत घाला. लोंबार्ड म्हणाल्या, मुलाला नव्हे, आईला शिकवा, म्हणजे मुलाला आई शिकवील.

त्याचं स्वरूप असं. वस्तीतलीच एक बाई, स्वतः आई असलेली, फार शिकलेली नाही, ठरलेल्या दिवशी घरी येते. हातात त्या आठवड्याचा पुडका: एक गोष्टीचं पुस्तक, काही कागद. दोघी जेवणाच्या टेबलाशी बसतात, गॅसवर काहीतरी शिजत असतं. मग नाटक सुरू होतं. आलेली बाई आई होते आणि आई होते चार वर्षांचं पोर. 'यातलं मोठं कुठलं?' आई मुद्दाम चुकीचं बोट दाखवते, कारण तिचं पोर तेच करणार हे तिला माहीत असतं. दोघी हसतात. चुकल्यावर ओरडायचं नाही, पुन्हा कसं विचारायचं, ते त्या हसण्यात शिकून होतं. मग आई रोज पंधरा-वीस मिनिटं पोराला घेऊन बसते. कागदावरचा प्रश्न कुठला का असेना, पोराला एवढं दिसतं की माझ्या आईला येतं. आणि घरोघर जाणाऱ्या बाईला ही नोकरी कायमची नसते. काही वर्षांनी तिने पुढे शिकावं, दुसरं काम धरावं आणि जागा त्याच वस्तीतल्या दुसरीला मिळावी, अशी ही रचना.

'हिप्पी' या इंग्रजी आद्याक्षरांच्या नावाने हा उपक्रम पुढे अनेक देशांत गेला. अमेरिकेत तो १९८४ मध्ये पोचला, आणि अर्कान्सासच्या गव्हर्नरची पत्नी असताना हिलरी क्लिंटन यांनी तो तिथे उचलून धरला. फायदा होतो का? न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात पहिल्या तुकडीच्या मुलांना स्पष्ट फायदा दिसला, दुसऱ्या तुकडीत दिसला नाही. समाजकार्यातलं यश असंच असतं, एकदा हाताला लागलं म्हणून पुन्हा लागेलच असं नाही.

मोठ्यांसाठी वेगळी सोय आहे, तिचा ओझरता उल्लेख पुरे. विमानतळावर उतरल्यापासून पहिले सहा महिने हप्त्याहप्त्याने मिळणारा निर्वाह-पैसा. त्याला 'सल क्लिता' म्हणतात, सल म्हणजे टोपली. आणि 'उल्पान', हिब्रूचे वर्ग. पहिला १९४९ मध्ये जेरुसलेमला निघाला. आठवड्यातले पाच दिवस, पाचेक महिने. शिकवायचं हिब्रूतूनच, कारण बाकावर शेजारी बसलेल्या चौघांच्या चार भाषा. नव्वदच्या दशकात सोव्हिएत संघातून लाखो ज्यू आले तेव्हा हृदयरोगतज्ज्ञ आणि पूल बांधणारे अभियंते या बाकांवर बसले होते, कित्येकजण संध्याकाळी रस्ते झाडत होते. तेव्हाचा विनोद असा की रशियाहून उतरलेल्याच्या हातात व्हायोलिनची पेटी नसेल तर समजावं, हा पियानो वाजवणारा. उल्पान हा वरवर भाषेचा वर्ग. खरं तर बापाला बँकेत एकट्याने जाता यावं, यासाठी तो आहे.

इथिओपियाचे ज्यू आले तेव्हा मात्र जुनी चूक पुन्हा झाली. १९८४-८५ मध्ये सुदानमार्गे हजारो, आणि मे १९९१ मध्ये तर ३६ तासांत चौदा हजारांवर माणसं विमानांनी आणली. किशोरवयीन मुलं बहुतेक सगळी निवासी शाळांत गेली. नावं बदलली. 'केस' म्हणजे त्यांचे धर्मगुरू, ज्यांच्या शब्दावर अख्खं गाव चालायचं, त्यांना इथे कुणी विचारेना. काही वर्षांत याच मुलांतली काही बागांत, बसस्थानकांवर रात्री काढताना दिसू लागली. 'एलेम' सारख्या संस्थांच्या गाड्या अशा पोरांसाठी रात्री शहरांतून फिरतात. गाडीत चहा, बसायला जागा आणि प्रश्न न विचारणारे स्वयंसेवक. पहिल्या रात्री कुणी बोलत नाही. चहा मात्र पितात.

कार्मेल डोंगरावरचं 'येमिन ओर्ड' हे युवा-ग्राम याच काळात वेगळं काही करू पाहत होतं. १९५३ मध्ये स्थापन झालेलं, ओर्ड विंगेट या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याच्या नावाचं. हा विंगेट नैनितालला जन्मला आणि १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरात विमान कोसळून मेला. पुढे ग्रामाचे संचालक झालेल्या खाइम पेरी यांनी एक गोष्ट पक्की धरली: मुलाला भविष्याकडे न्यायचं तर त्याचा एक नांगर भूतकाळात रुतलेला हवा. आपल्या आईबापांची भाषा, गाणी, सण, 'केस' धर्मगुरूंचा मान, हे सगळं शाळेत आणायचं, लपवायचं नाही. दुसरं, ग्राम कधी बंद होत नाही. सुट्टीत सगळे घरी जातात तेव्हा ज्याला घर नाही त्याला कळतं की आपल्याला घर नाही. म्हणून दरवाजा वर्षभर उघडा, शिकून गेलेल्यांनाही. सैन्यातून रजेवर आलेला मुलगा इथेच येऊन झोपतो. २०१० च्या डिसेंबरात कार्मेलच्या वणव्यात ग्रामाचा मोठा भाग जळाला, तो पुन्हा बांधला.

गंमत म्हणजे १९९२ पासून इस्रायलनेच 'नाअले' नावाची योजना चालवली आहे, जिच्यात किशोर मुलं आईबापांच्या आधी एकटी येऊन शिकतात. नावाच्या आद्याक्षरांतच 'आईबापांच्या आधी' असं आहे. पण इथे आईबाप सही करून पाठवतात, फोनवर रोज बोलतात, पुढे कित्येक मागून येतात. फ्रायरच्या तुकडीतल्या मुलांच्या घरून पत्रं येणं थांबलं होतं.

येमिन ओर्डची पद्धत २००८ मध्ये थेट रवांडात गेली. १९९४ च्या नरसंहारात लाखो मारले गेले, मागे पोरक्या मुलांच्या झुंडी उरल्या. न्यूयॉर्कला राहणाऱ्या ॲन हेमन यांना, त्या मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या, आठवलं की इस्रायलमध्ये हे कधीतरी केलेलं आहे. त्यातून रवामगाना जिल्ह्यात 'अगाहोझो-शालोम' हे ग्राम उभं राहिलं. अगाहोझो हा किन्यारवांडा भाषेतला शब्द, डोळे पुसले जातात ती जागा. शालोम हिब्रू. मुलं घराघरांतून राहतात, आणि प्रत्येक घरात एक 'मामा' असते. या बायकांपैकी कितीतरी जणींनी नरसंहारात नवरा किंवा स्वतःची मुलं गमावलेली आहेत. या मामा मुलांशी किन्यारवांडात बोलतात, आणि रात्री जेवणं झाली की घरातली सगळी एकत्र बसून दिवसभरात काय झालं ते सांगतात.